पाच हजार की दहा हजार? इंजिन ऑइलबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात टायरमधल्या हवेवर लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत निम्म्याहून अधिक जणांनी विचारलं ते वेगळंच: ऑइल कधी बदलायचं? म्हणून हा महिना फक्त ऑइलचा. मी आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकच्या मुलांना शिकवते. तिथे सुरुवातीच्या तासांनाच जे सांगितलं जातं, ते लाखो रुपये मोजून गाडी घेणाऱ्याला कुणीच समजावून सांगत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पत्रं थोडी आवरली आहेत आणि नावं न देता गाव तेवढं ठेवलं आहे.

ताई, माझी २०२१ची पेट्रोल हॅचबॅक आहे. कोथरूड ते हिंजवडी रोजचं जाणं-येणं. सर्व्हिस सेंटर म्हणतं दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष. आमच्या गल्लीतले मेस्त्री म्हणतात, पाच हजारांच्या वर ऑइल ठेवलंत तर इंजिनचं काम निघेल. कुणाचं ऐकायचं? – एक वाचक, पुणे

तुमचे मेस्त्री तुम्हाला फसवत नाहीयेत. ते ज्या गाड्यांवर हात बसवून शिकले, त्या गाड्यांसाठी पाच हजार हाच बरोबर आकडा होता. पद्मिनी, अँबॅसिडर, पहिल्या मारुती ८०० या सगळ्या कार्ब्युरेटरच्या गाड्या. सकाळी चोक ओढून चालू करायची, म्हणजे इंजिनात गरजेपेक्षा जास्त पेट्रोल जायचं. न जळलेलं पेट्रोल सिलेंडरच्या भिंतीवरून उतरून खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं तिथे, थेट ऑइलात. त्या पेट्रोलमध्ये २००० सालापर्यंत शिसं असायचं, गंधकही भरपूर. गंधक जळलं की त्याचं पुढे आम्ल होतं, आणि ते आम्ल मारण्याचं काम ऑइलवर. ऑइल तरी कुठलं, तर साधं खनिज. ते पाच हजारांत खरोखरच थकायचं.

आता इंजिनाला पेट्रोल मोजून मिळतं. इंधनातलं गंधक बीएस-४ या प्रदूषणाच्या सरकारी मानकात ५० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत ५० भाग) होतं, ते १ एप्रिल २०२० पासून बीएस-६मध्ये १० पीपीएमवर आलं. ऑइल सिंथेटिक किंवा अर्धसिंथेटिक झालं. त्यामुळे आपल्याकडच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांच्या पुस्तिकेत जे १०,००० किलोमीटर किंवा १२ महिने लिहिलेलं असतं, त्यात काही काळंबेरं नाही. पूर्ण विचार करून दिलेला आकडा आहे तो.

पण त्याच पुस्तिकेत बहुधा आणखी एक तक्ता असतो, आणि तो कुणी वाचत नाही. त्याचं शीर्षक 'कठीण परिस्थितीतील वापर' अशा अर्थाचं असतं. वारंवार थोड्या अंतराच्या फेऱ्या, तुंबलेल्या रहदारीत बराच वेळ चालू उभं राहणं, धुळीचे किंवा चिखलाचे रस्ते, घाट, मागे ट्रेलर ओढणं. यातलं काही रोजचं असेल तर ऑइल लवकर बदला, असं कंपनीच सांगते. बऱ्याच गाड्यांत ते अंतर निम्म्यावर येतं. आता मला सांगा, महाराष्ट्रात शहरात गाडी चालवणारा कोणता माणूस या यादीत बसत नाही?

मी मुलांना एक साधा हिशोब फळ्यावर मांडायला लावते. कोथरूड-हिंजवडी गर्दीच्या वेळी ताशी २० किलोमीटरचा वेग धरा. दहा हजार किलोमीटर व्हायला इंजिन ५०० तास चालतं. तीच गाडी पुणे-कोल्हापूर महामार्गावर ताशी ७०नं पळाली, तर दहा हजार किलोमीटर साधारण १४३ तासांत होतात. मीटरवर आकडा तोच, पण एका इंजिनाने दुसऱ्याच्या साडेतीनपट वेळ काम केलेलं असतं. ट्रॅक्टरवाल्यांना हे आधीपासून ठाऊक आहे. ट्रॅक्टरला किलोमीटरचं नाही, तासांचं मीटर असतं, आणि अनेक ट्रॅक्टरांचं ऑइल २५० तासांनी बदलतात. नांगर लावून दिवसभरात किती किलोमीटर झाले, याला तिथे काही अर्थच नसतो. मोटारीच्या बाबतीत आपण तासांचं विसरून गेलो आहोत, एवढंच माझं म्हणणं आहे.

तेव्हा तुमच्यासाठी माझं मत: सात ते साडेसात हजार किलोमीटर, किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. पुस्तिकेतला दुसरा तक्ता पाच म्हणत असेल तर पाच. वॉरंटी चालू असेल तर सर्व्हिस सेंटरच्या ठरलेल्या सर्व्हिसिंगपैकी एकही चुकवू नका. मधलं जास्तीचं ऑइल मेस्त्रींकडे बदललंत तरी चालेल, पण पुस्तिकेत लिहिलेल्या दर्जाचंच घाला आणि पक्कं बिल जपून ठेवा. पुढे बदली होऊन रोजचा प्रवास महामार्गाचा झाला, तर बिनधास्त दहा हजारांवर या.

उशीर केला तर नेमकं काय होतं, हेही सांगते, कारण 'इंजिन खराब होतं' एवढ्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. ऑइल म्हणजे नुसतं वंगण नव्हे. त्यात काजळी धरून ठेवणारी, आम्ल मारणारी, फेस होऊ न देणारी, धातूवर संरक्षक थर धरणारी रसायनं मिसळलेली असतात. तेल संपत नाही, ही रसायनं संपतात. मग काजळी तरंगत राहायच्या ऐवजी कोपऱ्याकोपऱ्यांत बसायला लागते. आमच्या वर्कशॉपमध्ये फार उशिरा ऑइल बदललेल्या एका इंजिनचं हेड ठेवलंय. वरचं झाकण काढलं की कॅमशाफ्टच्या, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या, बाजूने काकवीसारखा चिकट काळा थर दिसतो. बोटाने खरवडला तरी निघत नाही. हाच थर ऑइल पंपाच्या तोंडाशी असलेल्या जाळीवर बसला की वर ऑइल चढत नाही. सुरुवातीला सकाळी टॅपेटचा टकटक आवाज येतो, मग टायमिंग चेन सैल पडून खडखडते, कारण तिचा ताणही बहुतेक इंजिनांत ऑइलच्याच दाबावर धरलेला असतो. बेअरिंग जातं ते सगळ्यात शेवटी. तोवर डॅशबोर्डवर ऑइलच्या दाबाचा लाल दिवा लागलेला असतो, आणि लाल दिव्यावर गाडी एक किलोमीटरसुद्धा पुढे न्यायची नसते.

घरी एक परीक्षा करून बघा. गाडी चालवून आल्यावर दहा मिनिटांनी डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी, काढा आणि तिच्या टोकाचा एक थेंब टीपकागदावर सोडा. कागद आडवा ठेवून काही तास तसाच राहू द्या. ऑइलात दम असेल तर काळा रंग मधून बाहेरच्या बाजूला हळूहळू फिकट होत पसरतो. मध्ये गडद, कडा स्पष्ट असलेला ठिपका आणि भोवती नुसतं तेलाचं रिकामं कडं दिसलं, तर काजळी धरून ठेवायची ताकद संपली आहे. ही प्रयोगशाळेतली चाचणी नव्हे आणि यावरून किलोमीटर ठरवायचे नाहीत. पण नव्या ऑइलचा आणि सात हजार झालेल्या ऑइलचा ठिपका शेजारी शेजारी ठेवून पाहिलात की बरंच काही समजतं.

मी निवृत्त शिक्षक. गाडी भाजी, दवाखाना, देऊळ एवढ्यालाच निघते. वर्षाला दोन हजार किलोमीटरही होत नाहीत. तरी दर वर्षी ऑइल बदलायचं? चांगलं ऑइल फेकून देणं जिवावर येतं. – एक वाचक, नाशिक

काका, बदला. तुमची तळमळ मला समजते, पण दिसायला चांगलं असलेलं तुमचं ऑइल महामार्गावर आठ हजार धावलेल्या ऑइलपेक्षा वाईट स्थितीत असू शकतं.

एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. त्यातलं बहुतेक सायलेन्सरमधून निघून जातं. म्हणून थंडीत सकाळी सायलेन्सरच्या तोंडातून पाणी ठिबकताना दिसतं. थोडी वाफ मात्र पिस्टनच्या रिंगांना चुकवून खाली चेंबरमध्ये उतरते. इंजिन पुरतं तापलं तर ती उडून जाते. तुमची फेरी दहा मिनिटांची. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा तेवढ्यात मध्यावर येतोही, पण तो कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा, काटा असतो. ऑइल अजून कोमटच असतं, त्याला नीट तापायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. म्हणजे प्रत्येक फेरीला थोडं पाणी, थोडं न जळलेलं पेट्रोल आत राहतं आणि गाडी पुन्हा दोन दिवस उभी. आम्ल तयार होतं ते याच ओलाव्यात.

आठवड्यातून एकदा काकूंना घेऊन त्र्यंबकेश्वरच्या रस्त्याला अर्धा-पाऊण तास फिरून या. गाडीसाठी त्याहून चांगलं औषध नाही. मात्र पार्किंगमध्ये रोज पाच मिनिटं नुसती चालू करून ठेवायची सवय असेल तर ती सोडा. त्याने ऑइल तापत नाही, उलट पाणी वाढतं.

ऑइल भरायच्या झाकणाच्या आत पांढरट पिवळा फेस जमलाय. गॅरेजवाला म्हणतो हेड गॅसकेट गेलं, वीस हजार खर्च. पावसाळा चालू आहे, गाडी गावातल्या गावातच फिरते. – एक वाचक, चिपळूण

थांबा, लगेच हेड उघडू देऊ नका. हेड गॅसकेट म्हणजे इंजिनाचं हेड आणि सिलेंडर यांच्यामधली पट्टी; ती गेली की कूलंट ऑइलात मिसळू शकतं. आधी दोन गोष्टी स्वतः बघा.

पहिली, डिपस्टिक. ती पुसून, पुन्हा घालून काढा. तिच्यावरचं ऑइल नेहमीसारखं स्वच्छ तपकिरी असेल आणि फेस फक्त झाकणाला असेल, तर तो वर सांगितलेल्या वाफेचाच प्रताप आहे. झाकण हा इंजिनातला सगळ्यात थंड भाग, वाफ तिथेच जाऊन थंड होते आणि तिचं पाणी होतं. कोकणातल्या पावसाळी हवेत, छोट्या फेऱ्यांवर हे सर्रास होतं. दुसरी, कूलंटची पातळी. इंजिन पूर्ण थंड असताना बाजूच्या पांढऱ्या डब्यावर पेनाने खूण करा आणि आठवडाभर रोज बघा. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका. पातळी हलली नाही आणि डिपस्टिक स्वच्छ राहिली, तर फेस फडक्याने पुसून टाका, एकदा चिपळूणहून खेडला आणि परत अशी गाडी चालवा, आणि वीस हजार घरात ठेवा. याउलट डिपस्टिकवरचं ऑइलच दुधाळ झालं असेल, कूलंट कमी होत असेल, सायलेन्सरमधून इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत असेल, तर गॅरेजवाला बरोबर आहे. मग गाडी चालूसुद्धा करू नका, ओढून न्या.

तुमचं गाव चिपळूण म्हणून आणखी एक सांगते. २०२१च्या जुलैतल्या पुरात तिथे किती गाड्या बुडाल्या ते सगळ्यांनी पाहिलं. पाणी उतरल्यावर माणूस पहिली गोष्ट कुठली करतो, तर किल्ली फिरवून बघतो. तेच करायचं नसतं. सिलेंडरमध्ये पाणी असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात बुडालेल्या गाडीची आधी बॅटरीची तार काढायची, मग ऑइल आणि फिल्टर बदलायचा, प्लग काढून इंजिन हाताने फिरवून पाणी काढायचं, आणि मगच स्टार्टर. पाणी इंजिनापर्यंत गेलं होतं की नाही याची शंका असली, तरीही हेच.

बीएस-६ डिझेल एसयूव्ही आहे. ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढतंय! डिपस्टिकवर कमाल खुणेच्याही वर आलंय. हे कसं शक्य आहे? – एक वाचक, सोलापूर

शक्य आहे, आणि तुम्ही डिपस्टिक बघता याचंच मला कौतुक वाटतं. वाढलंय ते ऑइल नव्हे, डिझेल आहे.

तुमच्या गाडीच्या धुराच्या मार्गात काजळी अडवणारी गाळणी आहे, तिला डीपीएफ म्हणतात. ती भरली की गाडी आपणहून ती जाळून साफ करते. त्यासाठी गाळणीत ६०० अंशांच्या आसपास उष्णता लागते. ती आणण्यासाठी बऱ्याच इंजिनांत नेहमीचा स्फोट होऊन गेल्यावर उशिरा थोडं जास्तीचं डिझेल फवारलं जातं. त्यातलं काही सिलेंडरच्या भिंतीला लागून खाली ऑइलात उतरतं. पेट्रोल असतं तर तापल्यावर उडून तरी गेलं असतं, डिझेल तितक्या सहज उडत नाही. महामार्गावर ही सफाई एका दमात पूर्ण होते. गावात मात्र ती अर्ध्यावर असतानाच आपण किल्ली काढतो, पुढच्या वेळी ती पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, आणि प्रत्येक वेळी डिझेल आत.

पातळी खुणेच्या वर गेली असेल तर किलोमीटर बघू नका, ऑइल याच आठवड्यात बदला. डिझेल मिसळून पातळ झालेलं ऑइल बेअरिंगला आधार देत नाही. शिवाय पातळी फार वर गेली की क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनने फिरणारा मुख्य दांडा, ते घुसळून फेस करतो. वरचं थोडं काढून पातळी जुळवणं हा उपाय नव्हे, कारण आत राहिलेलं मिश्रण तसंच राहतं.

पुढे असं होऊ नये म्हणून आठवड्यातून एकदा तरी वीस-पंचवीस मिनिटं सलग मोकळ्या रस्त्याने चालवा. सोलापूरला चहूबाजूंनी महामार्ग आहेत, अडचण नाही. डीपीएफचा दिवा लागला असेल तर तो विझेपर्यंत गाडी चालवत राहा, मध्येच बंद करू नका. आणि ऑइल कमी राखेचं, म्हणजे लो-सॅप्स प्रकारचंच घ्या. डब्याच्या मागे पुस्तिकेत दिलेला दर्जा, उदाहरणार्थ एसीईए या युरोपीय मानकाचा सी२ किंवा सी३, छापलेला असतो. जुन्या ट्रकसाठीचं डिझेल ऑइल यात घातलं तर त्याची राख गाळणीत कायमची बसते. काजळी जळते, राख जळत नाही. नव्या गाळणीची किंमत ऐकली की वर्षाचं सगळं सर्व्हिसिंग स्वस्त वाटतं.

सीएनजी टॅक्सी आहे. दहा हजारांनंतरही ऑइल लख्ख दिसतं. वीस हजारांपर्यंत ओढलं तर चालेल का? – एक चालक, कल्याण

नाही, दादा. सीएनजीत काजळी जवळजवळ होत नाही, म्हणून ऑइल काळं पडत नाही. पण गॅसवर सिलेंडरच्या आतली उष्णता जास्त असते आणि त्या उष्णतेने ऑइल आतून जुनं होतं, घट्ट होत जातं. ते डोळ्याला दिसत नाही. काळं झालेलं ऑइल निदान काजळी धरून ठेवण्याचं काम करतंय एवढं तरी दाखवतं. तुमची गाडी दिवसभर चालते, इंजिन सतत गरम राहतं, त्यामुळे पुस्तिकेतलं अंतर तुम्हाला पुरेपूर वापरता येईल. त्यापुढे मात्र जाऊ नका. तुमच्या पोटापाण्याचं इंजिन आहे ते.

आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४५च्या पुढे जातो. नव्या गाडीत कंपनी ०डब्ल्यू-२० घालते, पाण्यासारखं पातळ. इथल्या उन्हात २०डब्ल्यू-५० घातलेलं बरं ना? – एक वाचक, चंद्रपूर

बाहेर ४५ असो की १५, तापलेल्या इंजिनाचं तापमान थर्मोस्टॅट आणि पंखा मिळून जवळपास एकाच जागी ठेवतात. ऑइल शंभर अंशांच्या आसपास काम करतं, पुण्यातही आणि चंद्रपुरातही. डब्यावरचा दुसरा आकडा, म्हणजे २०, ३०, ४०, हा शंभर अंशाला ते किती दाट राहील याचा आहे. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीत चालू करतानाचा. इंजिन बनवताना बेअरिंगमधली फट, पंपाची ताकद, व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणाऱ्या यंत्रणेतल्या बारीक वाटा हे सगळं त्या एका दाटपणावर बेतलेलं असतं. त्यात ५०चं ऑइल घातलंत तर सकाळी चालू केल्यावर ते वर पोचायला वेळ लागतो, आणि इंजिनची बरीचशी झीज त्या पहिल्या क्षणांतच होते. पुस्तिकेत एकाहून अधिक ग्रेड दिल्या असतील तर त्यातली दाट निवडायला हरकत नाही. त्या यादीबाहेर जाऊ नका.

जर्मनीत राहतो. इथे माझ्या गाडीला ३०,००० किलोमीटर किंवा दोन वर्षं असं अंतर आहे. सांगलीला बाबांना सांगितलं तर त्यांचा विश्वासच बसेना. – एक वाचक, श्टुटगार्ट

बाबांना सांगा, खरं आहे. फोक्सवॅगनसारख्या कंपन्या तिकडे लाँगलाइफ प्रकारच्या ऑइलवर दोन वर्षं किंवा ३०,००० पर्यंत अंतर देतात, आणि गाडी स्वतः वापर मोजून त्याआधीही सांगू शकते. भारतात याच फोक्सवॅगन आणि स्कोडा १५,००० किंवा एक वर्ष सांगतात. कंपनी तीच, पण धूळ, उष्णता आणि रहदारी आपली. तेव्हा तुम्ही तिकडचं पाळा आणि बाबांना इकडचं पाळू द्या. तुमची गाडी मात्र शहरातल्या शहरातच फिरत असेल, तर दोन वर्षं वाट बघू नका, असं मी तुम्हालाही सांगेन.

गॅरेजमध्ये ऑइल खरंच बदललं की नुसतं बिल लावलं, हे मला कसं कळणार? मी गाडी सोडून ऑफिसला जाते. – एक वाचक, ठाणे

शक्य असेल तेव्हा पहिली वेळ घ्या आणि तेवढी वीस-पंचवीस मिनिटं उभ्या राहा. विचारायला अजिबात लाजू नका, गाडी तुमची आहे. मी बघते ते असं:

इंजिन जरा गरम असताना ऑइल काढलं जावं, म्हणजे गाळ तरंगत असतो तो बरोबर उतरतो. चेंबरच्या तळाचा नट काढला की आधी जाड धार येते, मग बारीक होते, मग थेंब. थेंब तुटेपर्यंत थांबायला हवं. घाईत धारेवरच नट लावला की जुनं ऑइल आत राहतं. नटाखाली तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वॉशर असतो, तो नवा घालायचा. किंमत अगदी किरकोळ, पण जुना घातला की ठिबकायला लागतं, मग ते थांबवायला कुणीतरी नट जोर लावून आवळतं आणि चेंबरचे आटे जातात. फिल्टर प्रत्येक वेळी बदलायचा. नवा बसवताना त्याच्या रबरी कडीला बोटाने थोडं ऑइल लावलेलं दिसलं, तर समजा फिटर नीट शिकलेला आहे. फिल्टर हाताने आवळतात, पान्याने पिळत नाहीत.

डबा तुमच्यासमोर उघडायला सांगा. लहान पेट्रोल इंजिनात साधारण तीन ते साडेतीन लिटर ऑइल बसतं, तेवढ्याचंच बिल हवं. भरून झाल्यावर इंजिन मिनिटभर चालू करून बंद करायचं, पाच मिनिटं थांबायचं आणि सपाट जागेवर डिपस्टिक बघायची. पातळी दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेच्या जवळ असावी, तिच्या वर नको. पेट्रोल गाडीत नवं ऑइल डिपस्टिकवर पिवळसर, पारदर्शक दिसतं. डिझेल गाडीत ते पहिल्या काही मिनिटांतच काळं पडतं, तेव्हा काळ्या रंगावरून डिझेलच्या फिटरवर आरोप करू नका.

'इंजिन फ्लश' नावाचं वेगळं रसायन घालू का, असं विचारतील. वेळच्या वेळी ऑइल बदलत असाल तर त्याची गरज नाही. फार वर्षं दुर्लक्ष झालेल्या इंजिनात तर ते धोक्याचं, कारण सुटलेला गाळ जाऊन पंपाच्या जाळीवर बसतो.

मी घरीच ट्रॅक्टरचं आणि गाडीचं ऑइल बदलतो. जळकं ऑइल वाळवी लागू नये म्हणून गोठ्याच्या मेढींना लावतो, उरलेलं बांधावर ओततो. एकाने सांगितलं की हा गुन्हा आहे. – एक शेतकरी, जुन्नर

भाऊ, बांधावर ओतणं आजपासून बंद करा. कायद्याचं बघायचं तर वापरलेलं ऑइल हा घातक कचरा आहे, २०१६च्या केंद्राच्या नियमांत तसं स्पष्ट आहे आणि ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवं. कायदा बाजूला ठेवला तरी तुमच्या बांधाखालून जे पाणी मुरतं ते विहिरीतच येतं. ऑइल पाण्यात विरघळत नाही, मातीत वर्षानुवर्षं राहतं, आणि त्यात इंजिनातून आलेले धातूंचे कण आणि जळणातून तयार झालेले कर्करोगकारक पदार्थ असतात. मेढींना लावलेलं ऑइल जनावरं चाटतात, अंग घासतात. लावणाऱ्याच्या हातालाही ते चांगलं नाही. सेंट्रिंगच्या फळ्यांनाही बरेच जण हेच फासतात, तिथे वेगळं शटरिंग ऑइल मिळतं, ते वापरावं. वाळवीसाठी कृषी सेवा केंद्रात विचारून योग्य ते औषध घ्या.

जुन्या ऑइलला किंमत आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. शुद्ध करून त्याचं पुन्हा वंगण बनतं. म्हणून ते पाणी, डिझेल किंवा कूलंट न मिसळता, घट्ट झाकणाच्या एका कॅनमध्ये साठवा. ऑइल काढताना खाली पसरट घमेलं ठेवा, जमिनीवर थेंब नको. जुना फिल्टर उलटा ठेवून रात्रभर निथळू द्या, त्यातूनही बरंच निघतं. कॅन भरला की नारायणगावात किंवा मंचरला एखाद्या मोठ्या गॅरेजला, ट्रॅक्टरच्या सर्व्हिस सेंटरला विचारा. त्यांच्याकडे अधिकृत उचल करणारा येत असेल तर तुमचाही कॅन त्यात जाईल.

आणि नव्या ऑइलचे रिकामे डबे भंगारात अख्खे देऊ नका. नावाजलेल्या कंपनीचा धड डबा बनावट ऑइल भरणाऱ्याला हवाच असतो. डब्याला विळ्याने मोठी चीर द्या, झाकणाचे तुकडे करा, लेबल फाडा, आणि मग भंगारवाल्याला द्या.